गभणेबाबूंची चंची

पारशिवनीहून नागपूर काही फार लांब नाही. सकाळच्या एसटीने निघालेला माणूस उन्हं तापायच्या आत गणेशपेठेच्या स्टँडवर उतरतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येऊन घरच्या पाटावर जेवतो. पण पाटबंधारे खात्यातले कारकून कृष्णकांत गभणे, म्हणजे सगळ्या गावाचे गभणेबाबू, दिवाळीच्या सुटीत बायकोला नागपूर दाखवायला निघणार असं कळलं, तेव्हा आळीत दुसरा विषय उरला नाही. कारण त्यांच्याबरोबर देवकीबाईंची एकदाणीही निघणार होती.

एकदाणी म्हणजे सोन्याच्या टपोऱ्या मण्यांची एकपदरी माळ. देवकीबाईंच्या आईने ती थोरल्या लेकीच्या गळ्यात घालतानाच बजावलं होतं की धाकटीचं लग्न ठरलं की माळ धाकटीची. घरात सोनं एक आणि लेकी दोन, तिथे दुसरा इलाज नव्हता. आता धाकट्या जयाचं ठरलं होतं आणि तुळशीचं लग्न झालं की माळ माहेरी जायची होती. देवकीबाईंनी रडारड केली नाही, बहिणीचा हेवाही केला नाही. त्या एवढंच म्हणाल्या की एकदाणी गळ्यात असताना आपला एक फोटो निघावा. त्यांच्या लग्नात फोटोवाला आला होता, चांगला दोन वेळा जेवूनही गेला होता, पण त्याचा रोल कोरा निघाला. त्यानंतर त्यांचा फोटो निघायचा योगच आला नाही. नागपुरात बर्डीवरच्या एका स्टुडिओत पाचची वेळ ठरली. आधी महाराजबाग आणि अजबबंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय, पाहायचा, मग फोटो काढायचा आणि शेवटची गाडी धरायची, इतका साधा बेत होता. त्यात सल्ले शिरले.

शेजारचे भैय्याजी तरुणपणी इतवारीतल्या एका किराणा दुकानात दोन पावसाळे काढून आलेले. तेवढ्या भांडवलावर ते आजतागायत नागपूरचे जाणकार म्हणून मिरवत होते. त्यांच्या मते नागपुरात दोनच जातीचे लोक राहतात, खिसे कापणारे आणि कापून घेणारे. पारशिवनीचा माणूस स्टँडवर उतरला की तो कोणत्या जातीत मोडतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या एका बाईच्या गळ्यातली पोत ती बाजारात भाजीची जुडी पारखत असताना गेली होती, आणि तिला पत्ता लागला तो घरी भाजी निवडायला बसल्यावर. तेव्हा सोनं गळ्यात नको. नवरा-बायकोने जोडीने चालायचं नाही, कारण खेड्यातलं जोडपं दिसलं की चोराने ओळखावं, दागिना बरोबर आहे. कोणाला नाव-गाव सांगायचं नाही. विचारलंच तर धरमपेठेत राहतो म्हणायचं, कारण धरमपेठेत वकील फार आणि चोराला वकिलाशिवाय कोणाची भीती नसते. शिवाय मागच्या खिशात एक खोटं पाकीट ठेवायचं, नोटांच्या मापाने कापलेल्या वर्तमानपत्राने फुगवलेलं. चोर तेवढं घेऊन खूश होतो आणि खरा माल सुटतो. हे भैय्याजींनी इतक्या तपशिलाने सांगितलं की त्यांनी इतवारीत नेमकं कोणत्या बाजूने काम केलं होतं, अशी देवकीबाईंना शंका आली. पलीकडच्या यमुताईंनी लाल तिखटाची पुडी आणून दिली, डोळ्यांत फेकायला. कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

पण एकदाणी ठेवायची कुठे, या प्रश्नाचं उत्तर मात्र गभणेबाबूंचं स्वतःचं होतं. पिशवी कापता येते, खिसा कापता येतो, आणि बंडीचा चोरखिसा तर चोर आधी चाचपतो. विचार करता करता त्यांनी सवयीने कमरेची चंची सोडली, तंबाखूला चुना लावला, आणि त्यांचा अंगठा तळहातावर मळता मळता थांबला. चंची. कापडाची, कप्प्याकप्प्यांची, चुन्याने पांढरी आणि काताने लाल झालेली, धुण्याच्या बादलीचं तोंड कधी न पाहिलेली. देवकीबाईसुद्धा जी चिमट्याने उचलायच्या, तिला कोणता चोर हात लावणार होता? मधल्या कप्प्यात एकदाणी, तिच्यावर विड्याची पानं, वर सुपारी आणि तंबाखू, आणि बाहेरून दोरी गच्च आवळलेली. गभणेबाबू स्वतःवर इतके खूश झाले की ही युक्ती त्यांनी भैय्याजींच्याही कानावर घातली नाही.

घातली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. कारण चंचीचा आपल्याकडे एक कायदा आहे. तो कोणी लिहून ठेवलेला नाही आणि कोणी मोडतही नाही. चंची ज्याच्या कमरेला असते त्याची एकट्याची नसते. ओळखीचा असो की वाटसरू, माणसाने हात पुढे केला की चंची सोडून त्याच्या पुढ्यात ठेवायची. एक वेळ पाण्याला नाही म्हणता येईल, तंबाखूला नाही म्हणता येत नाही. ऑफिसात गभणेबाबूंची चंची दिवसभर टेबलाटेबलावरून फिरे आणि साहेबांच्या केबिनमध्येही जाऊन येई. पण माणूस जे रोज करतो, नेमकं तेच त्याच्या ध्यानात राहत नाही.

ध्यानात आलं ते एसटी गावाबाहेर पडल्यावर. शेजारी पागोटं बांधलेला एक म्हातारा बसला होता. त्याने खिडकीबाहेर बघत बघत, काही न बोलता, तळहात पुढे केला. गभणेबाबूंचा हात आपोआप कमरेकडे गेला आणि चटका बसल्यासारखा परत आला.

"तंबाखू नाही," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्या पोटावर फुगलेल्या चंचीकडे पाहिलं. मग आपली चंची सोडली आणि गभणेबाबूंच्या मांडीवर ठेवली. आता तीही नाकारावी तर अपमानावर अपमान. गभणेबाबूंनी मान खाली घालून चिमूटभर घेतली. म्हाताऱ्याने चंची परत बांधली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाला, "खायले हाय, द्यायले नाही."

पुढच्या प्रवासात गभणेबाबूंकडे कोणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. त्यात कंडक्टर तिकिटाला आला. पैसे सुरक्षिततेसाठी पायमोज्यात होते, तेव्हा भर गाडीत त्यांना बूट काढावा लागला. कंडक्टरने नोट दोन बोटांत धरून वाऱ्यावर वाळवली. मागच्या बाकावर बसलेल्या देवकीबाई हे सगळं पाहत होत्या, पण गाडीत चढण्यापूर्वीच त्यांना ताकीद होती की काहीही झालं तरी ओळख दाखवायची नाही.

नागपुरात उतरल्यावर गभणेबाबू पुढे आणि देवकीबाई दहा पावलं मागे, अशी वरात निघाली. गभणेबाबूंची नजर सारखी डावीकडे-उजवीकडे. कोणी घाईने चालत आलं की हा चोर, कोणी रमतगमत आलं की हा तर नक्कीच चोर. एक हात चंचीवर, एक हात मागच्या खोट्या पाकिटावर, म्हणजे ते जागेवर आहे की गेलं ते बघायला. ते जागेवरच होतं. महाराजबागेपर्यंत त्यांनी मुद्दाम दोनदा गर्दीत घुसून बघितलं, पाकीट अर्धं बाहेर काढूनही ठेवलं, पण कोणी शिवलं नाही. गभणेबाबूंना आधी हायसं वाटलं आणि मग जरा लागलं. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस चोरालासुद्धा दखल घेण्याजोगा वाटू नये, हे काही बरं नव्हतं.

महाराजबागेत वाघाच्या पिंजऱ्यापुढे देवकीबाई उभ्या राहिल्या आणि गभणेबाबू शेजारच्या मोरांपुढे. वाघ उठून जांभई देऊ लागला तेव्हा देवकीबाईंना इतकी गंमत वाटली की त्या नवऱ्याला हाक मारायला वळल्या. गभणेबाबूंनी मोराकडे बघतच मानेने नाही म्हटलं. देवकीबाईंनी वाघाची जांभई एकटीने पाहिली. अजबबंगल्यातही तेच झालं. दगडाच्या मूर्ती, पेंढा भरलेले प्राणी, जुन्या तलवारी, सगळं त्यांनी पाहिलं, पण 'अगं बाई, हे बघा' म्हणायला शेजारी माणूस नव्हता. गभणेबाबूंना तर तलवार आठवत नाही की मूर्ती आठवत नाही. तिथल्या पहारेकऱ्याने तंबाखू मागितली आणि ते उत्तर न देता दुसऱ्या दालनात पळाले, एवढंच त्यांना आठवतं.

दुपारी परत बागेत येऊन जेवायचं ठरलं तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. डबा एक, आणि खाणारी माणसं एकमेकांच्या ओळखीची नाहीत. शेवटी गभणेबाबूंनीच तोड काढली. देवकीबाईंनी आपलं जेवण आटोपलं, डबा बाकावर ठेवला आणि त्या दूर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने गभणेबाबू सहज आल्यासारखे आले, आजूबाजूला पाहिलं आणि डबा उचलला.

"ओ बाई," झाडांना पाणी देणारा माळी ओरडला, "तुमचा डबा घेऊन चालला तो माणूस."

आसपासची दहा-पाच माणसं उठली. गभणेबाबू डबा छातीशी धरून उभे. देवकीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भुवयांनी खूण केली की ओळख नाही.

"राहू द्या हो," देवकीबाई म्हणाल्या. "भुकेला असंन बिचारा."

त्या दिवशी गभणेबाबू महाराजबागेत एका झाडाखाली बसून, सगळ्यांच्या देखत, बायकोच्या हातची वांग्याची भाजी दान म्हणून जेवले. वर माळ्याने त्यांना हात-पाय धड असताना असं करू नये यावर चार शब्द सुनावले.

जेवणानंतरचा खरा छळ तर वेगळाच होता. जेवल्यावर तंबाखू नाही म्हणजे जेवलोच नाही, अशी ज्यांची प्रकृती आहे त्यांनाच ते समजेल. सकाळची ती उसनी चिमूट केव्हाच संपली होती. तंबाखू पोटावर बांधलेली, चुना हाताशी, आणि दोरी सोडायची चोरी, कारण चंची उलगडली की पानं सरकणार आणि पानं सरकली की मणी चमकणार. गभणेबाबूंची जीभ टाळूला चिकटली, बोटं वळवळायला लागली. बर्डीच्या रस्त्याला लागले तेव्हा ते एका जागी उभे राहू शकत नव्हते. दर चार पावलांवर चंची चाचपत, मागे वळत, पाकीट चाचपत, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे टक लावून बघत. दिवाळीची गर्दी होती. स्टुडिओची पाटी दिसू लागली होती. पाच वाजायला थोडाच वेळ होता.

आणि नत्थू नावाचा पोलीस शिपाई समोर उभा राहिला. खाकी गणवेश, हातात काठी, चेहऱ्यावर दिवसभर उन्हात उभं राहिल्याचा वैताग. त्याला गभणेबाबूंचा संशय वगैरे काही आला नव्हता. त्याला फक्त चंची दिसली होती.

"सोडा गा बाबूजी चंची," तो आपुलकीने म्हणाला. "सकाळपासून तलफ येऊन राहिली."

"तंबाखू नाही त्यात," गभणेबाबू म्हणाले.

"मंग काय हाय?"

"काही नाही."

"काही नाही, तर एवढी गच्च काहून बांधली?"

यावर गभणेबाबूंनी जे केलं ते जगातल्या कोणत्याही शहाण्या माणसाने केलं नसतं. त्यांनी दोन्ही हातांनी चंची धरली आणि ते चालायला लागले. शिपायाने मागितलेली तंबाखू नाकारून पळणारा माणूस नत्थूने आपल्या सबंध नोकरीत पाहिला नव्हता. त्याने कोटाची कॉलर धरली. गर्दी जमली. दहा पावलं मागून देवकीबाई बघत होत्या.

चौकीत बळीराम हवालदार बसले होते. माणूस शांत होता, आणि चौकशी कशी पायरीपायरीने करावी हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पहिल्यांदा नाव विचारलं. गभणेबाबूंच्या डोक्यात भैय्याजी बोलले आणि तोंडातून केशवराव असं नाव निघालं. राहणार कुठले, तर धरमपेठ. हवालदारांनी मान वर केली. ते स्वतः धरमपेठेत राहत होते. धरमपेठेत कुठे, असं त्यांनी प्रेमाने विचारलं. देवळाजवळ. कोणत्या देवळाजवळ? गभणेबाबूंनी जरा विचार करून मोठ्या, असं सांगितलं. हवालदारांनी त्यांचा हात धरून बाही वर केली. मनगटावर लहानपणी रामटेकच्या जत्रेत हौसेने गोंदवून घेतलेलं नाव ठळक हिरव्या अक्षरांत बसलेलं होतं, कृष्णकांत.

मग झडती झाली. मागच्या खिशातून नोटांच्या मापाने कापलेल्या कागदांचं पाकीट निघालं. कोटाच्या खिशातून तिखटाची पुडी निघाली. नत्थूने चंचीची दोरी सोडली, पानं बाजूला केली, आणि टेबलावर, चुन्याने पांढरी झालेली, तंबाखूची भुकटी लागलेली, सोन्याची बायकी माळ घरंगळली. खिसेकापूंपासून वाचायला केलेली एकेक तजवीज गभणेबाबूंच्या समोर मांडून ठेवली होती आणि ती बघून त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं की हा माणूस सोडण्यासारखा नाही.

"माझ्या बायकोची आहे हो ती माळ," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "ते पाहा, बायको दारातच उभी आहे."

हवालदारांनी दाराकडे पाहिलं. देवकीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. नवऱ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"बाई, ही माळ तुमची?" हवालदारांनी विचारलं.

"हाव, माझी. शेवटचा मणी चेपला असंन पाहा. माझी बहीण लहान होती तव्हा तिनं दातानं चावला होता."

हवालदारांनी मणी पाहिला. चेपलेला होता. "आणि हा माणूस?"

देवकीबाईंनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. काटा पाचला टेकत आला होता.

"त्यांचं मंग पाहू," त्या म्हणाल्या. "पहिले फोटो."

हवालदार बायकोवाले होते. त्यांना या बाईच्या सुरावरूनच कळलं की माणूस कोणाचा आहे. पण कायदा म्हणजे कायदा. माळ एकटीने बाहेर नेता येणार नाही, असं सांगून त्यांनी नत्थूला बरोबर दिलं आणि दागिन्यावरून नजर हलवू नको म्हणून बजावलं. देवकीबाईंनी पदराने मणी पुसले, माळ तिथेच गळ्यात घातली आणि त्या झपझप निघून गेल्या. दहा पावलांचं अंतर आता नत्थू राखत होता. हवालदारांनी उघडी चंची पुढे ओढली, स्वतः तंबाखू मळली आणि गभणेबाबूंनाही दिली. सकाळपासून ज्या चिमटीसाठी जीव तळमळत होता ती तोंडात गेली, पण तिला चव लागली नाही. फोटोसाठी म्हणून त्यांनी कोट घातला होता, केसांना तेल लावलं होतं. बाहेर कुठेतरी पाचचे टोले पडले आणि ते चौकीच्या बाकावर बसून राहिले.

देवकीबाई परत आल्या त्या हसत हसत. त्यांची पिशवी नत्थूच्या हातात होती. "हे माझे मालक," त्यांनी सांगून टाकलं. "सकाळपासून ओळख दाखवायले मनाई होती मले." हवालदारांनी दोघांना जाऊ दिलं, तिखटाची पुडी मात्र ठेवून घेतली, घरी उपयोगी पडेल म्हणून.

स्टँडकडे जाताना ते पहिल्यांदा शेजारी शेजारी चालत होते. एकदाणी देवकीबाईंच्या गळ्यात होती आणि तिच्याकडे बघायचं गभणेबाबूंना भानच नव्हतं.

"काहून वं, असं केलं?" त्यांनी शेवटी विचारलं. "अर्धा तास आधी ओळख दिली असती तर जोडीनं फोटो निघाला असता."

"तुम्हाले सोडवता सोडवता पाच वाजून गेले असते," देवकीबाई म्हणाल्या. "माळ आता जाईन ते जाईन. तुम्ही काय, घरीच आहा."

गभणेबाबूंना ते फार लागलं. गाडीत एकाने तंबाखूसाठी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी चंची निमूट त्याच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

जयाचं लग्न झालं, एकदाणी तिच्या गळ्यात गेली. मग एकदा ऑफिसच्या कामाने गभणेबाबू एकटेच नागपूरला आले आणि फोटो घ्यायला बर्डीवर गेले. स्टुडिओच्या बाहेर काचेची पेटी होती आणि तिच्यासमोर दोन-चार माणसं उभी होती. गभणेबाबूंनी टाचा उंचावून पाहिलं. पेटीच्या मधोमध, हातभर मोठा करून लावलेला, देवकीबाईंचा फोटो होता. फोटोवाल्याला तो इतका साधला होता की त्याने न विचारताच लावून टाकला होता. एका कडेला नत्थूचं खाकी कोपर आलं होतं. आणि मधे एकदाणी, मणी न् मणी मोजून घ्यावा असा. ज्या माळेवर नागपूरची नजर पडू नये म्हणून ते दिवसभर तळमळत फिरले, ती बर्डीच्या भर रस्त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होती.

आत जाऊन फोटो उतरवायला लावावा म्हणून ते दोन पायऱ्या चढले आणि परत उतरले. देवकीबाई फोटोत हसत होत्या. तसं हसताना गभणेबाबूंनी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. वाघाने जांभई दिली तेव्हाही त्या अशाच हसल्या असतील, पण तेव्हा गभणेबाबू मोराकडे बघत होते. त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि त्याबरोबर छाती भरूनही आली.

"काय झ्याक फोटो आहे गा," शेजारी उभा असलेला एक धोतरवाला म्हणाला. "कोण असंन ही बाई?"

"माझी बायको आहे," गभणेबाबू ताठ उभे राहून म्हणाले. "देवकी. आम्ही पारशिवनीचे."

धोतरवाल्याने एकदा फोटोकडे पाहिलं. एकदा गभणेबाबूंकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. मग त्याने हळूच आपल्या खिशावर हात ठेवला आणि तो दोन पावलं बाजूला सरकून उभा राहिला.